नमुना किती वाजता घेतला?
‘पाण्यात प्राणवायू पुरेसा होता, तरी मासे मेले, म्हणजे विषच असणार’ असं लेखात म्हटलंय. पण पाण्याचा नमुना किती वाजता घेतला, ते लेखात कुठेच नाही! सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर (नायट्रोजन-फॉस्फरसवर) शेवाळ माजलं की दुपारी ते भरपूर प्राणवायू सोडतं. रात्री मात्र नुसतं ओढत राहतं. खरी तंगी पहाटे. तेव्हा मासे वर येऊन तोंडं वासत असतात. दुपारी बाटली भरणाऱ्याला ते दिसणार कसं? त्यात पाणी तापलेलं असेल तर आणखी पंचाईत: २० अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम ७.५. विष असेलही, नाही म्हणत नाही. पण सूर्योदयापूर्वीचं एक तरी मोजमाप घ्यायचं होतं.