कॉलर आवळला की स्प्रिंग कडक होते म्हणे

पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत एक मेसेज सारखा फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: "पुढच्या कॉइलओव्हरचा कॉलर आवळा, स्प्रिंग कडक होते. गाडी उचलायची गरज नाही, उभ्या गाडीवरच पान्हा मारा. पाच फेऱ्या म्हणजे एक इंच लिफ्ट. विंच किंवा लोखंडी बंपर लावून तोंड खाली बसलं असेल तर अजून आवळा. अलाइनमेंट लागत नाही. खर्च शून्य."

यातलं खर्च शून्य तेवढं खरंय, तेही आटे जाईपर्यंत. कॉइलओव्हर म्हणजे शॉकभोवती स्प्रिंग बसवलेला सेट, आणि कॉलर म्हणजे शॉकच्या आट्यांवर फिरणारी, स्प्रिंगला टेकणारी रिंग.

आधी कुठल्या गाड्या ते सांगतो, नाहीतर कोणीतरी टाटाच्या दहा चाकीखाली वाकून कॉलर शोधत बसायचं. विषय आहे हायलक्स, व्ही-क्रॉस असल्या पिकअपचा, म्हणजे पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि त्यात नंतर बसवलेला आटेवाला कॉइलओव्हर. कंपनीतून आलेल्या स्ट्रटला, म्हणजे मूळ शॉक-स्प्रिंगच्या सेटला, फिरवायचा कॉलर नसतो, स्प्रिंगची बैठक फिक्स असते. मागे तर कमानपाटेच आहेत, तिथे प्रीलोड वगैरे काही नाही. प्रीलोड म्हणजे शॉक पूर्ण उघडा असतानाच कॉलरने स्प्रिंग जेवढी दाबून ठेवलेली असते तेवढं माप.

आता पहिला मुद्दा, आणि हाच सगळ्यात जास्त लोकांच्या डोक्यात बसलाय. "आवळला की स्प्रिंग कडक होते." नाही होत. साधी एकसारख्या रेटची, म्हणजे दाबताना कडकपणा न बदलणारी, स्प्रिंग असेल तर तिचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि किती वेटोळी आहेत त्यावर ठरतो, आणि कॉलर फिरवून यातलं काहीच बदलत नाही. हिशोब करून बघा. समजा स्प्रिंग 105 न्यूटन प्रति मिलिमीटरची आहे, म्हणजे एक मिमी दाबायला साधारण 10.7 किलो. एका पुढच्या चाकावर गाडीचं 550 किलो वजन येतंय असं धरू. कॉइलओव्हर खालच्या आर्मवर चाकाच्या बराच आत बसतो, त्यामुळे चाक 100 मिमी हललं की शॉक 55 मिमीच्या आसपास हलतो, आणि तोच रेशो उलटा लागून स्प्रिंगवर येतात जवळपास 1000 किलो. हजार भागिले 10.7 म्हणजे 93 मिमी. गाडी जमिनीवर उभी असताना स्प्रिंग 93 मिमी दबलेली असणार, तुम्ही प्रीलोड 30 ठेवा नाहीतर 60 ठेवा, वजन तेवढंच आहे ना, मग ती तेवढीच दबणार.

मग बदलतं काय? शॉक कुठे उभा राहतो ते. प्रीलोड 30 असेल तर शॉक पूर्ण उघड्या अवस्थेपासून 63 मिमी आत असतो, 60 केला की फक्त 33 मिमी. चाकाच्या भाषेत, चाकाला खाली लटकायला आधी 115 मिमी जागा होती ती उरली 60. गाडी 55 मिमी वर गेली खरी, पण ती उंची तुम्ही खालच्या ट्रॅव्हलमधून काढून घेतलीत, फुकट नाही मिळाली. घाटात खड्डा आला, चाक खाली गेलं, 60 मिमीवर शॉक संपला आणि टण्ण करून आवाज आला, त्यालाच लोक "मस्त कडक झाली" म्हणतात. म्हणजे कडक वाटतं म्हणणारा माणूस खोटं बोलत नाहीये हां, त्याला वाटतंच तसं, फक्त ते स्प्रिंगमुळे नाही, शॉक उघडून आपटतोय त्यामुळे. आणि तो रोज असा आपटत राहिला की आतला टॉप-आउट बंपर (शॉक पूर्ण उघडल्यावरचा धक्का झेलणारा), सील, वरच्या माउंटचं रबर, सगळ्यांचं आयुष्य कमी होतं. दोन स्प्रिंगा एकावर एक असलेला ड्युअल रेट सेट असेल तर गणित वेगळं, तिथे प्रीलोडने एका स्प्रिंगवरून दुसरीवर जायची जागा सरकते, पण मेसेज पाठवणाऱ्याच्या मनात ते नव्हतं एवढं नक्की.

"गाडी उचलायची गरज नाही." हा भाग वाचून खरंच चिडचिड होते. वरचाच हिशोब घ्या, जमिनीवर कॉलरच्या आट्यांवर हजार किलो बसलेत. कॉलर बहुतेक ॲल्युमिनियमचा, आट्यांत पावसाळ्याचा चिखल वाळलेला, कोकणातली गाडी असेल तर खारी हवा वेगळीच, आणि वरून तुम्ही पान्ह्याला पाइप लावून ओढताय. आटे एकमेकांना चावतात, मऊ धातू सोलून निघतो, आणि एकदा जाम झाला की कॉलर ना वर ना खाली, शेवटी कापून काढावा लागतो, आणि बॉडीचे आटे गेले असतील तर शॉकचं अख्खं शरीरच बदला. काही ठिकाणी तर छिन्नी-हातोड्याने खाचेत मारून फिरवतात, त्या गॅरेजातून गाडी सरळ बाहेर काढा.

नीट पद्धत अशी की पुढची दोन्ही चाकं एकदम उचलायची, कारण एकच बाजू लटकवली तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा) त्या बाजूला मोकळं होऊ देत नाही. स्टँड चेसिसखाली, आर्मखाली नाही. चाक काढा, आटे ब्रश आणि पाण्याने धुवा, हवा मारा, किटसोबतच्या कागदात जे वंगण सांगितलंय तेच लावा. कॉलरला जागेवर घट्ट धरणारा पिंच बोल्ट ढिला करा, हा राहून जातो आणि तसाच जोर लावला की कॉलरला तडा. काही सेटना पिंच बोल्ट नसतो, दुसरा लॉक नट असतो, तो आधी सोडायचा. मग त्या कॉलरच्या मापाचा हुक पान्हा.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, गाडी वर घेतली म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असं नाही. 30 मिमी प्रीलोडला तरी तिच्यात 320 किलोच्या आसपास जोर असतोच, 60 ला 640. त्यामुळे जास्त प्रीलोडवाल्या सेटमध्ये चाक लटकवूनही कॉलर हट्ट करतो, तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून भार उतरवायचा. याच कारणाने स्ट्रटच्या मधला वरचा नट कॉम्प्रेसर न लावता कोणी खोलत असेल तर त्याच्या समोर उभं राहू नका.

"पाच फेऱ्या म्हणजे एक इंच." कुठल्या आट्यांना? आट्यांचं अंतर 2 मिमी असेल तर पाच फेऱ्यांत कॉलर 10 मिमी सरकतो, चाकाशी उंची वाढते 18 मिमी. अंतर 1.5 असेल तर चौदाच्याही आत. त्यात स्प्रिंग कॉलरसोबतच फिरते, मग फेऱ्या मोजताना गोंधळ होतो. फेऱ्या मोजूच नका, वरचे उघडे आटे कॅलिपरने मोजा, आधी आणि नंतर.

"विंच लावलाय, अजून आवळा." नको. बंपर आणि विंच मिळून पुढे सहज ऐंशी-शंभर किलो वाढतात, ते कायमचं वजन आहे, त्याला जास्त रेटची स्प्रिंग लागते. प्रीलोड वाढवून उंची परत येईल, पण ब्रेक मारला की नाक तसंच खाली जाणार. शिवाय शॉक पूर्ण दबतो तेव्हा स्प्रिंग प्रीलोडइतकी जास्त दाबली जाते, आणि फार आवळलं असेल तर बंप स्टॉप (शॉक दबायची हद्द आली की धक्का झेलणारा रबर) लागायच्या आधी वेटोळी एकमेकांना टेकतात. मग सगळा धक्का थेट माउंटमध्ये आणि कॉलरच्या आट्यांत. उलट टोकही वाईटच, प्रीलोड इतका कमी केला की चाक लटकल्यावर स्प्रिंग बैठकीत खुळखुळते, तेही चालत नाही. किटवाल्याने कमीत कमी आणि जास्तीत जास्त माप दिलेलं असतं, त्याच्या आत राहा.

"अलाइनमेंट लागत नाही." लागतं, चर्चाच नको. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात: टो बदलतो, कॅम्बर बदलतो, कॅस्टर कमी होतो, स्टिअरिंग सरळ यायला आळस करतं आणि टायर एका बाजूने खाल्ला जातो. सीव्ही जॉइंटचं, म्हणजे चाकाला ताकद देणाऱ्या ॲक्सलच्या वाकणाऱ्या सांध्याचं, मात्र लोक अर्धंच सांगतात. चाक पूर्ण लटकल्यावरचा कोन शॉकच्या लांबीने ठरतो, प्रीलोडने तो वाढत नाही, हे बरोबर. पण गाडी रोज त्या कोनाच्या जवळ चालायला लागते आणि सांध्यावरचा रबरी बूट लवकर फाटतो. आणि हो, हेडलाइट खाली करून घ्या, समोरून घाट चढणाऱ्याचा काय दोष.

मेसेजमध्ये नसलेलं पण लोक करतात ते म्हणजे डावीकडे जेवढे आटे दिसतात तेवढेच उजवीकडे ठेवायचे. ड्रायव्हर, बॅटरी, टाकी, सगळं वजन दोन्हीकडे सारखं कुठे असतं. सपाट जमिनीवर हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत माप घ्या, गाडी थोडी चालवून स्प्रिंग बसू द्या, परत मोजा, फरक असेल तर परत उचलून एका बाजूचा कॉलर सरकवा. दोन्ही मापं जुळली की पिंच बोल्ट आवळा, ॲलन कीने, दिलेल्या टॉर्कला, आणि मग गाडी अलाइनमेंटला न्या.