एका आयपी ॲड्रेससाठी अडीच तास

अडीच तास! यूपीएसच्या नेटवर्क मॅनेजमेंट कार्डला, म्हणजे यूपीएसला नेटवर्कवर आणणाऱ्या छोट्या बोर्डाला, एक आयपी ॲड्रेस, नेटवर्कवरचा पत्ता, द्यायला काल रात्री माझे अडीच तास गेले. चार आकडे आणि मधे तीन टिंबं, एवढंच काम. अख्खा यूपीएस बॅटऱ्यांसकट सर्व्हरच्या रॅकमध्ये चढवायला आम्हाला यापेक्षा कमी वेळ लागला होता.

कार्ड जुन्या यूपीएसमधून काढलं, नव्याच्या स्लॉटमध्ये सरकवलं, दोन स्क्रू आवळले, केबल लावली. लिंकचा दिवा लागला. डीएचसीपीवर, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवर, कार्डाच्या पत्त्याचं रिझर्व्हेशन करायचं म्हणून मॅक ॲड्रेस, कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक, हवा, तर त्याचं लेबल कार्डाच्या बोर्डावर. म्हणजे कार्ड आत गेलं की लेबलही आत. पुन्हा स्क्रू काढा, कार्ड ओढा, मोबाइलच्या टॉर्चमध्ये फोटो घ्या, परत घाला. ज्याने ही जागा ठरवली तो आयुष्यात कधी रॅकच्या मागे गुडघे टेकून बसलेला नाही, हे मी लिहून देतो.

मग सर्व्हरचा लॉग उघडला. डिस्कव्हर. ऑफर. डिस्कव्हर. ऑफर. डिस्कव्हर. ऑफर. कार्ड पत्ता मागतंय, सर्व्हर देतोय, आणि कार्ड तो घेतच नाही! ‘घेतो’ म्हणणाऱ्या रिक्वेस्टची एक ओळ येईना. काही सेकंद गेले की पुन्हा हात पसरून हजर. केबल बदलली. स्वीचचा पोर्ट बदलला. पोर्ट नेटवर्कच्या कुठल्या भागात आहे तो व्हीलॅन दोनदा तपासला. रिझर्व्हेशन उडवून नव्याने टाकलं. पाऊण तास त्याच दोन ओळी वर सरकताना बघत बसलो.

आणि कारण काय निघालं? या कार्डाला नुसता आयपी चालत नाही. डीएचसीपीच्या उत्तरात ऑप्शन 43 मध्ये, म्हणजे उत्पादकांसाठी राखलेल्या रकान्यात, कंपनीची स्वतःची खूण असावी लागते. ती नसली की आलेला पत्ता फेकून द्यायचा, तोही गुपचूप. ना एरर, ना दिव्याचा वेगळा रंग. त्याच नेटवर्कवर प्रिंटर निमूट पत्ता घेतो, कॅमेरा घेतो, दारावरचं अंगठ्याचं मशीनसुद्धा घेतं. खूण लागते ती फक्त यांना. हे सेटिंग बंद करता येतं, नाही असं नाही. कुठून? कार्डात लॉगिन करून. आणि लॉगिन करायला कार्डाला आधी आयपी हवा!

एआरपी टेबलमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरच्या आयपी-मॅक जोड्यांच्या यादीत, हाताने नोंद घालून बरोबर 113 बाइटचं पिंग मारायचं, की कार्ड तोच पत्ता उचलतं, ही जुनी युक्तीही केली. कार्ड ढिम्म.

राहिला कन्सोल, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट केबलने कार्डात शिरणं. त्याची केबल वेगळीच: एका टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर, दुसऱ्या टोकाला हेडफोनसारखी बारकी पिन. ती हरवली की संपलं. आमच्याकडची कुठल्या ड्रॉवरमध्ये होती ते शोधण्यात अर्धा तास गेला. ‘कुठलीतरी सिरीयल केबल लाव ना’ असं मला कोणी सांगू नये. एकदा तसं करून बसलोय, वेगळ्या यूपीएसवर. मागच्या नऊ पिनांच्या पोर्टला साधी सरळ केबल लावली आणि त्याच क्षणी यूपीएसने आउटपुट बंद केलं. सगळा रॅक अंधारात. पंख्यांचा आवाज हळूहळू खाली जातो ना, तो अजून कानात आहे. नऊ पिनांचा तोच कनेक्टर जगभर वापरायचा, आतल्या पिना मात्र आपल्या मनाने जोडायच्या, आणि चुकीची केबल लागली तर लोड, म्हणजे जोडलेली सगळी यंत्रं, सोडून द्यायचा. याला डिझाइन म्हणत नाहीत, सापळा म्हणतात.

असो. केबल सापडली, यूएसबी कन्व्हर्टर लावला, सेटिंग 9600 बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. एंटर. एंटर. लॉगिन आलं. पासवर्ड? जो माणूस नोकरी सोडून गेला त्याने ठेवलेला, आणि कुठेही न लिहिलेला. म्हणजे आता रीसेट. टाचणीने बटण दाबायचं, दिवा नारिंगी-हिरवा लुकलुकायला लागेपर्यंत थांबायचं, लगेच पुन्हा दाबायचं, आणि मग 30 सेकंदांच्या आत मूळचं नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरायचं. केबल जेमतेम दीड हात. एका हातात टाचणी, मांडीवर लॅपटॉप, मानेवर गरम हवेचा झोत. तिसऱ्या खेपेला जमलं.

आयपी बसला, ब्राउझर उघडला, तर पान येईना. कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, इतकं जुनं की ते सुरक्षित जोडणीची जुनी पद्धत टीएलएस 1.0 च बोलतं. ब्राउझरांनी ते सोडलं, 2021 च्या मार्चमध्ये आरएफसी 8996 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने त्याला अधिकृत निरोप दिला, आणि ते योग्यच झालं. पण यूपीएस दहा-दहा वर्षं चालतात हे कार्ड बनवणाऱ्यांना माहीत नाही का? शेवटी कन्सोलवरून साधं, एन्क्रिप्शन नसलेलं एचटीटीपी तात्पुरतं चालू केलं. फर्मवेअर चढवायचं तर फाइली ठरलेल्या क्रमानेच, आधी ऑपरेटिंग सिस्टिम, मग ॲप्लिकेशन. आणि एवढं करून ब्राउझरची खिडकी चुकून बंद झाली तर पुन्हा शिरताना उत्तर मिळतं: दुसरं कोणीतरी लॉगिन आहे. अरे, तो मीच आहे! टाइमआउट होईपर्यंत स्वतःची वाट बघत बसा.

एसएनएमपीचं, म्हणजे उपकरणांवर नेटवर्कवरून नजर ठेवण्याच्या पद्धतीचं, तर बोलायलाच नको. यूपीएससाठी सामायिक एमआयबी, म्हणजे कुठली माहिती कुठे मिळेल याची यादी, 1994 सालीच आरएफसी 1628 मध्ये ठरवून दिलेली आहे. तरी प्रत्येक कंपनीची कामाची माहिती त्या यादीबाहेर, स्वतःच्या वेगळ्या झाडात लपवलेली. यूपीएसची कंपनी बदलली की मॉनिटरिंगचे सगळे टेम्पलेट पुन्हा.

मला राग वेळेचा आहेच, पण त्याहून जास्त दुसऱ्या गोष्टीचा आहे. वीज गेल्यावर बॅटरी संपत आली की सर्व्हरना ‘नीट बंद व्हा’ हे सांगणारं हेच कार्ड. ते बोललं नाही तर डेटाबेस मधेच तुटतो आणि रात्रभर रिकव्हरी करत बसायला लागतं. बॅटरी खराब झाल्याची पहिली बातमीही त्यानेच द्यायची. आणि याच छळापायी कितीतरी ठिकाणी ही कार्डं विकत घेऊन, स्लॉटमध्ये घालून, तशीच पडलेली मी पाहिली आहेत. केबलही लावलेली नाही. कोणी एक संध्याकाळ प्रयत्न केला, कंटाळला, ‘नंतर बघू’ म्हणाला. ते नंतर वीज गेल्यावरच उगवतं. त्या माणसाला मी आळशी म्हणणार नाही. लाज त्यांना वाटायला हवी ज्यांनी पहिल्या पाच मिनिटांचं काम अडीच तासांचं करून ठेवलं.

निघण्याआधी मॅक आणि आयपी जाड मार्करने लिहून यूपीएसच्या पुढच्या पॅनेलवर चिकटवले. नवा पासवर्ड तिथेच उभ्याउभ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये टाकला. आणि ती केबल रॅकच्या दाराला आतून तीन झिप-टाय मारून बांधून टाकली आहे. वापरायची असेल तर तिथेच बसून वापरा. कापून नेली, तर गाठ माझ्याशी आहे.