द्रोग्बाचे गुडघे आणि ‘आठवड्यात थांबलेलं’ युद्ध

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. सारांश असा: ‘आयव्हरी कोस्टमध्ये पाच वर्षं यादवी चालू होती. अबिजानच्या गल्लीत अनवाणी खेळून मोठा झालेला दिदिएर द्रोग्बा, संघ वर्ल्ड कपला पात्र ठरल्यावर, टीव्ही कॅमेऱ्यासमोर गुडघ्यांवर बसला. शस्त्रं खाली ठेवा, अशी त्याने विनवणी केली. एका आठवड्यात युद्ध थांबलं. जे पुढाऱ्यांना जमलं नाही ते एका खेळाडूने करून दाखवलं.’

द्रोग्बा मला मनापासून आवडतो. 19 मे 2012 ला म्युनिकमध्ये, चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, चेल्सीकडून बायर्नविरुद्ध 88व्या मिनिटाला त्याने मारलेलं हेडर आणि नंतरची शेवटची पेनल्टी मी कितीही वेळा पाहू शकतो. म्हणूनच हा मजकूर आला की मला गप्प बसवत नाही. त्यात एक गोष्ट खरी आहे, दोन अर्धवट आहेत आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट साफ खोटी आहे.

आधी अनवाणी पोराबद्दल. द्रोग्बा 11 मार्च 1978 ला अबिजानमध्ये जन्मला हे बरोबर. पण त्याचे वडील बँकेत होते आणि काका मिशेल गोबा फ्रान्समध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळत होते. पाच वर्षांच्या दिदिएरला आईवडिलांनी या काकांकडे पाठवलं. परक्या देशात, आईवडिलांविना तो झुरला आणि काही वर्षांनी घरी परतला. मग देशाची अर्थव्यवस्था घसरली, आईवडिलांच्या नोकऱ्या गेल्या आणि पोरगा पुन्हा फ्रान्सला गेला. पॅरिसजवळच्या लव्हालुआमध्ये त्याची जडणघडण झाली. पहिला व्यावसायिक करार ल माँ क्लबशी झाला तेव्हा तो 21 वर्षांचा होता, म्हणजे फुटबॉलच्या हिशेबाने उशीरच. मग गँगाँ क्लब, मार्सेलमध्ये एकच हंगाम, आणि 2004 च्या जुलैत 2 कोटी 40 लाख पौंडांना इंग्लंडचा चेल्सी क्लब. आयव्हरी कोस्टच्या लीगमध्ये तो एकदाही खेळला नाही. यात कष्ट कमी नव्हते, पण ते वेगळे कष्ट होते. एका शहरातून दुसऱ्या शहरात काकांच्या मागे फिरणारं, सतत शाळा बदलणारं ते बालपण होतं. गरिबीचा ठरलेला साचा त्याच्यावर चढवला की हे सगळं पुसलं जातं.

राष्ट्रीय संघातर्फे तो पहिला सामना खेळला 8 सप्टेंबर 2002 ला, अबिजानमध्ये, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. त्यानंतर अकराव्या दिवशी, 19 सप्टेंबरला, सैन्यातल्या एका गटाने बंड केलं आणि देश दुभंगला. उत्तर बंडखोरांकडे गेली आणि बुआके हे शहर त्यांचं केंद्र झालं. दक्षिण आणि अबिजान राष्ट्राध्यक्ष लॉराँ बाग्बो यांच्या ताब्यात राहिलं. म्हणजे द्रोग्बाने ते आवाहन केलं तेव्हा, 2005 च्या ऑक्टोबरात, युद्धाला तीन वर्षं झाली होती. ‘पाच वर्षं’ बहुधा 2007 च्या एका सामन्यावरून उचललेली आहेत. त्या सामन्याकडे मी येणारच आहे, कारण या मजकुरात दोन वेगवेगळ्या घटना एकाच टाक्यात शिवल्या आहेत.

आता गुडघ्यांची गोष्ट. ती खरी आहे, आणि तपशिलात आणखी सुंदर आहे. 8 ऑक्टोबर 2005. महिनाभर आधी, घरच्या मैदानावर आयव्हरी कोस्ट कॅमेरूनकडून 2-3 हरला होता. शेवटच्या दिवशी सगळं कॅमेरूनच्या हातात होतं. ते इजिप्तविरुद्ध जिंकले की वर्ल्ड कपला जाणार होते. आयव्हरी कोस्टने सुदानला ओमदुरमानमध्ये 3-1 ने हरवलं (द्रोग्बाचा त्यात एकही गोल नव्हता, दोन अरुणा दिंदानचे, एक कांगा अकालेचा) आणि खेळाडू तिकडे कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदेत काय होतंय याच्या बातमीची वाट पाहू लागले. तिथे 1-1 अशी बरोबरी होती आणि अगदी शेवटच्या क्षणी, भरपाईच्या वेळेत, कॅमेरूनला पेनल्टी मिळाली. पिएर वोमेचा फटका खांबाला लागला. आयव्हरी कोस्ट पहिल्यांदा वर्ल्ड कपला निघाला.

ड्रेसिंग रूममध्ये देशाच्या टीव्हीचा कॅमेरा होता. द्रोग्बाने माइक हातात घेतला, भोवती सगळा संघ एकमेकांना बिलगून उभा. उत्तर, दक्षिण, मध्य, पश्चिम अशी एकेक दिशा घेत त्याने देशवासीयांना हाक मारली आणि म्हणाला की आम्ही सगळे एका ध्येयासाठी एकत्र खेळू शकतो हे आज सिद्ध झालं. मग सगळेच गुडघ्यांवर आले. एकमेकांना माफ करा, असं त्याने पुन्हा पुन्हा म्हटलं. एवढी संपत्ती असलेला देश असा युद्धात जाऊ नये. शस्त्रं ठेवा. निवडणुका घ्या.

गुडघे टेकले ते संघाने. हा तपशील गाळला की गोष्टीचा अर्थ बदलतो. बंडखोरांच्या बुआकेत जन्मलेला याया तुरे ज्या संघात खेळत होता, त्याच संघाचा पुढचा चेहरा होता बेते समाजातला द्रोग्बा, म्हणजे बाग्बोंच्याच समाजातला. भांडण मुळात याच प्रश्नावर पेटलं होतं: या देशाचा खरा नागरिक कोण? जगातला सर्वाधिक कोको इथे पिकतो, आणि त्या मळ्यांवर बुर्किना फासो, माली इथून आलेल्या मजुरांच्या पिढ्या राबल्या. 1990 च्या दशकात राज्यकर्त्यांनी ‘अस्सल’ आणि ‘उपरा’ अशी विभागणी सुरू केली. उत्तरेकडचं मुस्लिम आडनाव असलेल्या माणसाचं ओळखपत्र पोलीस चौकीवर फाडलं जाऊ शकत होतं. उत्तरेचे नेते अलासान वातारा यांना आईवडिलांच्या नागरिकत्वाचा मुद्दा काढून 2000 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवू दिली गेली नाही. अशा देशात सगळ्या दिशांची आडनावं एकाच जर्सीत गुडघ्यांवर बसतात, तेव्हा ते चित्रच त्या प्रश्नाचं उत्तर असतं. एका माणसाची मूर्ती करून आपण ते चित्र कापून टाकतो.

‘एका आठवड्यात युद्ध थांबलं’ हा मजकुराचा कणा आहे, आणि तोच खोटा आहे.

2005 च्या ऑक्टोबरात थांबवायला रोजची लढाई उरलीच नव्हती. पहिला युद्धविराम झाला 17 ऑक्टोबर 2002 ला, बंडानंतर महिन्याभरात. जानेवारी 2003 मध्ये फ्रान्समध्ये लिना-मार्कुसी करार झाला, मे 2003 मध्ये व्यापक युद्धविराम झाला आणि त्याच जुलैत दोन्ही लष्करांनी युद्ध संपल्याचं जाहीर केलं. देशाच्या मधोमध आडवा पट्टा होता, त्यावर फ्रेंच सैनिक आणि 2004 पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना. नोव्हेंबर 2004 मध्ये मात्र सरकारी विमानांनी बुआकेवर बॉम्ब टाकले, त्यात 9 फ्रेंच सैनिक मेले आणि फ्रान्सने आयव्हरी कोस्टचं हवाई दल जमिनीवरच नष्ट केलं. एप्रिल 2005 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या थाबो म्बेकींनी प्रिटोरियात पुन्हा करार घडवला. म्हणजे द्रोग्बा बोलला तेव्हा देश गोठलेल्या अवस्थेत होता. युद्ध नाही, शांतता नाही, दोन प्रशासनं, मधे चौक्या, आणि अधूनमधून रक्त.

मग त्या आवाहनानंतर प्रत्यक्षात काय झालं? त्याने मागितलेल्या दोन गोष्टींपैकी दुसरी होती निवडणुका. त्या 30 ऑक्टोबर 2005 ला ठरलेल्या होत्या. त्या झाल्याच नाहीत. 21 ऑक्टोबरला, आवाहनानंतर तेराव्या दिवशी, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक 1633 मंजूर केला आणि बाग्बोंना आणखी जास्तीत जास्त बारा महिने पदावर राहू दिलं. जानेवारी 2006 मध्ये बाग्बोसमर्थक तरुणांचे जमाव संयुक्त राष्ट्रांच्या ठाण्यांवर चालून गेले. पश्चिमेच्या गिग्लो शहरातून शांतिसैनिकांना माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात इजिप्तमध्ये आफ्रिका कप सुरू झाला, ज्याच्या अंतिम सामन्यात द्रोग्बाची पेनल्टी अडवली गेली आणि संघ हरला. 2006 च्या उन्हाळ्यात जर्मनीत वर्ल्ड कप खेळला गेला तेव्हाही देश दोन तुकड्यांतच होता.

कोंडी फुटली ती 4 मार्च 2007 ला, वागादुगु करारामुळे. बुर्किना फासोचे अध्यक्ष ब्लेझ कॉम्पाओरे मध्यस्थ होते. बाहेरच्यांनी लादलेले करार कागदावरच राहिल्यावर बाग्बोंनी बंडखोरांशी थेट बोलणी केली आणि त्यांचे नेते गियोम सोरो यांना पंतप्रधानपद दिलं. त्यानंतर फिरती न्यायालयं गावोगाव गेली आणि ज्यांच्याकडे जन्माचा दाखलाच नव्हता त्यांना दाखले मिळू लागले. याआधी 2006 च्या जुलैत हेच काम दंगलींनी बंद पाडलं होतं. त्या यादवीच्या मुळाशी नागरिकत्वाचा कागद होता. गावच्या आवारात टेबल मांडून साक्षीदार तपासणाऱ्या न्यायाधीशाची आणि नोंदवही भरणाऱ्या कारकुनाची गोष्ट कुणी पुढे पाठवत नाही, पण युद्ध संपवण्याचं रोजचं काम त्यांनी केलं आहे.

द्रोग्बाचं खरं मोठेपण मला इथे, 2007 मध्ये दिसतं. 2006 चा सर्वोत्तम आफ्रिकी फुटबॉलपटूचा पुरस्कार घेऊन तो बुआकेला, बंडखोरांच्या शहरात गेला. मादागास्करविरुद्धचा आफ्रिका कपचा पात्रता सामना अबिजानऐवजी बुआकेत खेळवायचं ठरलं. 3 जून 2007 ला तो झाला. दक्षिणेकडचे सरकारी मंत्री आणि बंडखोर सेनेचे लोक एका मैदानात बसले, राष्ट्रगीत झालं, संघ 5-0 ने जिंकला. शेवटचा गोल द्रोग्बाचा. टीव्हीवर बोलायला धैर्य लागतं हे मान्य, पण विजयाच्या रात्री सगळा देश तुमच्या बाजूला असतो. ज्या शहरावर सरकारने बॉम्ब टाकले होते, तिथे राष्ट्राध्यक्षांच्याच समाजातल्या माणसाने पाहुणा म्हणून जाणं आणि आपला संघ तिथे नेणं, याची जोखीम वेगळी होती. आणि लक्षात घ्या, करार आधी झाला होता. सामन्याने करार लोकांच्या डोळ्यांसमोर आणला. खेळ हे करू शकतो, आणि ते थोडंथोडकं नाही.

त्या सामन्यानंतर चारच आठवड्यांनी, 29 जूनला, त्याच बुआकेच्या विमानतळावर पंतप्रधान सोरोंच्या विमानावर रॉकेट डागली गेली. सोरो वाचले, चार जण मेले. 5-0 चा आनंद खोटा नव्हता. तरीही बंदुका तिथेच होत्या. 30 जुलैला त्याच शहरात बाग्बो आणि सोरोंनी मिळून शस्त्रांची होळी पेटवली.

‘पुढाऱ्यांना जमलं नाही ते खेळाडूने केलं’ या वाक्याला एक जुना प्रसंग पुरे आहे. 2000 च्या आफ्रिका कपमध्ये राष्ट्रीय संघ पहिल्याच फेरीत बाद झाला, तेव्हा लष्करी शासक रॉबेर गेई यांनी खेळाडूंना मायदेशी उतरताच लष्करी छावणीत डांबून ठेवलं होतं. त्या देशात खेळाडू सत्तेपेक्षा मोठे कधीच नव्हते.

आता नेहमीचा आक्षेप: ‘असेना का थोडी अतिशयोक्ती, गोष्ट प्रेरणादायी आहे, त्यात बिघडलं काय?’

बिघडतं ते असं. द्रोग्बाने मागितलेली निवडणूक अखेर 2010 च्या 31 ऑक्टोबरला झाली, आवाहनानंतर पाच वर्षांनी. 28 नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत निवडणूक आयोगाने वातारांना विजयी ठरवलं. घटनात्मक परिषदेने उत्तरेतली मतं बाद करून बाग्बोंना विजयी ठरवलं. पुन्हा यादवी पेटली. 11 एप्रिल 2011 ला अबिजानमध्ये बाग्बोंना पकडलं, तोवर सुमारे 3 हजार माणसं मेली होती. मार्चच्या अखेरीस पश्चिमेच्या दुएकुए शहरात वातारांच्या बाजूच्या सैन्याने ताबा मिळवताना कत्तल झाली. एकट्या त्या शहरात किमान 800 जण मेल्याचं रेड क्रॉसने तेव्हा सांगितलं. युद्ध 2005 मध्ये एका आठवड्यात थांबलं असेल, तर ही माणसं कशात मेली? मजकुरात त्यांना जागाच नाही. आणि आफ्रिकेतलं युद्ध म्हणजे कुणी लाडक्या माणसाने दटावलं की मिटणारं पोरांचं भांडण, असा समज आपण नकळत पुढे ढकलतो. आपल्याकडची कुठलीही दंगल, कुठलाही सीमावाद एखाद्या क्रिकेटपटूच्या भाषणाने मिटला, असं कुणी सांगितलं तर आपण क्षणभरही मानणार नाही.

द्रोग्बाने स्वतः ते मानलं नाही, हे त्याच्या पुढच्या वागण्यावरून दिसतं. 2011 मध्ये या दुसऱ्या यादवीनंतर संवाद, सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, तेव्हा चेल्सीत खेळत असतानाच तो परदेशस्थ नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून त्याचा सदस्य झाला. सहा वर्षांपूर्वी आपण युद्ध थांबवलं, असं वाटणारा माणूस त्या आयोगावर कशाला बसेल?