स्लाइड फिक्या, आवाज गायब, मजकूर कमी: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आम्ही बनवून दिलेल्या सादरीकरणाबद्दल तुम्ही तीन तक्रारी नेमक्या लिहिल्यात, त्यामुळे उत्तरही नेमकं देता येतंय. गडद स्लाइड पडद्यावर फिक्या पडल्या, व्हिडिओ दिसला पण ऐकू आला नाही, आणि पैसे मोजूनही स्लाइडवर मजकूर नावापुरताच.

प्रोजेक्टर काळा रंग पाडूच शकत नाही. काळ्या जागी तो नुसता उजेड टाकायचं थांबतो. खोलीतले दिवे चालू असले की पडद्याचा तो भाग राखाडी दिसतो आणि अक्षरं पुसट होतात. गडद पार्श्वभूमी टीव्हीसाठी ठरली होती, तिथे ती उठून दिसते. प्रोजेक्टरसाठी पांढऱ्यावर काळी अक्षरं हवीत, आणि निदान पडद्यावर पडणारे पुढचे दिवे बंद. तशी आवृत्ती आम्ही विनामूल्य पाठवतो. प्रोजेक्टर जुना ४:३ (कमी रुंद, चौकोनाकडे झुकणाऱ्या चित्राचा) असेल तर आधी सांगा. १६:९ ची रुंद स्लाइड त्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या सोडते आणि २४ पॉइंटचं अक्षर १८ इतकंच दिसतं.

व्हिडिओ फाइलमध्येच बसवलेला एमपी४ आहे. चित्र चाललं, म्हणजे बहुधा आवाजाची वाट चुकली. एचडीएमआय केबल जोडली की विंडोज अनेकदा आवाज प्रोजेक्टरकडे वळवतं, आणि त्याला स्पीकर नसतो किंवा अगदीच बारका असतो. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हातून लॅपटॉपचा किंवा सभागृहाचा स्पीकर निवडा. ही चाचणी लोक येण्याआधी, त्याच केबलवर करायची. घरी वाजलेला व्हिडिओ काहीच सिद्ध करत नाही.

मजकुराबाबत मात्र आम्ही मत बदलणार नाही. पडद्यावर परिच्छेद दिसला की लोक तो वाचायला लागतात, तुमचं बोलणं मागे पडतं. तुमचा सगळा मजकूर प्रत्येक स्लाइडच्या नोट्समध्ये आहे. तो दिसला नसेल तर स्क्रीन ‘डुप्लिकेट’वर, म्हणजे लॅपटॉप आणि पडदा दोन्हीकडे एकच चित्र, अशी असणार. विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा आणि स्लाइड शोमध्ये प्रेझेंटर व्ह्यू चालू ठेवा: लॅपटॉपवर नोट्स, पडद्यावर फक्त स्लाइड. (मध्येच चर्चा रंगली तर बी दाबा, पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की स्लाइड परत.) छापील प्रत हवी असेल तर प्रिंटमध्ये ‘नोट्स पेजेस’ निवडा, पण वाटा ती बोलून झाल्यावर.