‘वांझ’ ताडावर कुऱ्हाड चालवण्याआधी

आमच्या ले-आउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पंख्यासारखं पान म्हणजे ताड, सगळी एकच जात. सिंदी ताडाची कुणीच नाही, ती नारळाची बहीण. शेंडा छाटला की ताडाला फांद्या फुटून सावली वाढते. आणि ज्याला फळ धरत नाही तो ताड वांझ, तोडून टाका. तेव्हापासून कोपऱ्यावरच्या जुन्या ताडाकडे लोक वेगळ्याच नजरेनं बघतायत. म्हणून हे लिहितोय.

आधी ‘एकच जात’. नागपुरात बंगल्यांच्या फाटकाशी पंखापाम म्हणून वॉशिंग्टोनिया लावतात. ते झाड मूळचं अमेरिकेचा नैऋत्य भाग आणि मेक्सिको इथलं. जॉर्ज वॉशिंग्टनवरून हे नाव १८७९ मध्ये ठेवलं गेलं. आपला ताड म्हणजे बोरॅसस फ्लॅबेलिफर, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये नोंदलेला. दोघंही ताडकुळातल्या कोरिफॉइडी या उपकुळातले, पण पुढे त्यांचे गट वेगळे. जवळ जाऊन पाहा: वॉशिंग्टोनियाच्या पानाच्या कडेनं सुतासारखे धागे लोंबतात, वाळलेली पानं खोडाभोवती घागऱ्यासारखी लटकून राहतात. ताडाचं पान कडक, आणि देठाच्या दोन्ही कडा काळ्या करवतीसारख्या. वॉशिंग्टोनियाचं फळ वाटाण्याएवढं. ताडाचं जवळपास नारळाएवढं, आत बहुधा तीन ताडगोळे.

आता सिंदी. तिचं पान पिसासारखं, नारळाचंही तसंच, म्हणून लोक त्या दोघींना बहिणी समजतात. पण दोघींचं एकेक ताजं पातं घ्या, बुडाशी आडवं कापा आणि कापलेली कड डोळ्यांसमोर धरा. सिंदीचं पातं वर उघडं, पन्हाळीसारखं दुमडलेलं दिसेल. नारळाचं नेमकं उलटं, घराच्या छपरासारखं. ताडाच्या पंख्याच्या घड्याही सिंदीसारख्याच वर उघडणाऱ्या. म्हणूनच वनस्पतिशास्त्रात सिंदी ताडाच्या उपकुळात आहे, नारळ वेगळ्या. ज्या सिंदीच्या फड्यानं आपण अंगण झाडतो, ती ताडाची चुलत बहीण आहे. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला पाती कापून दाखवत होतो.

शेंडा छाटण्याचा सल्ला तर झाडाचा जीवच घेणारा आहे. ताडाला वाढीचा कोंब एकच, अगदी माथ्यावर. तो गेला की झाड गेलं. ताडाच्याच गटातल्या रावणताडाला फांद्या फुटतात, पण त्या त्याच्या स्वभावानं, कुणी छाटल्यानं नव्हे. आणि तो गुजरात-दीवच्या किनाऱ्याकडचा.

राहिला ‘वांझ’ हा शब्द, आणि माझा खरा राग त्याच्यावर आहे. ताडात नर आणि मादी ही झाडं वेगळी. नराला फळ कधीच येत नाही, येऊही नये. वॉशिंग्टोनियाच्या एकाच फुलात दोन्ही अंगं असतात, त्यामुळे पंखापाम सगळे सारखेच समजणारा माणूस इथे हमखास फसतो. बरं, पहिला फुलोरा यायला ताडाला बारा-पंधरा वर्षं किंवा त्याहूनही जास्त लागतात. तोवर नर की मादी, हे नुसतं पाहून कुणालाच सांगता येत नाही. नर फुलला की जाड बोटांसारखे दांडे लोंबतात आणि त्यांच्यावरच्या खळग्यांतून बारीक फुलं डोकावतात. त्यांच्यातले परागकण नसले तर मादीच्या फळांत बी कुठून धरणार? नीरा तर नराचीही काढतात.

कोपऱ्यावरच्या ताडाला गेल्या उन्हाळ्यात तसेच दांडे आले होते. खाली पडलेला एक मी उचलून ठेवलाय, वाळून काळा पडलाय, पण खळगे स्पष्ट दिसतात. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी घरी यावं, हातात घेऊन पाहावा. आणि तरीही तोडायचंच असेल, तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात आधी परवानगी लागते. तो अर्ज कुणी केलाच, तर हरकत घ्यायला मी हा दांडा घेऊन जाणार आहे.