वाळू गेली तर कासव अंडी घालणार कुठं?

लीथच्या मऊ पाठीच्या कासवावरचा एक लेख वाचला, त्यात त्याची शिकार आणि तस्करी यावर चांगलं लिहिलंय, पण वाळूउपशाचा विषय एका ओळीतच संपवला ते खटकलं. आमचं गाव भीमेकाठी, लहानपणी आजोबांबरोबर नदीवर गेलो की तव्यासारखं चपटं, नळीसारखं नाक वर काढून श्वास घेणारं कासव दिसायचं आणि पिल्लू असलं तर पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके, तेच हे लीथचं कासव, हे मला फार उशिरा कळलं. आता तिथं वाळूच नाही, नुसते खड्डे. ही कासवं अंडी काठावरच्या मातीत-वाळूत पुरतात आणि निघून जातात, मग रात्रभर जेसीबी चालल्यावर काय उरणार सांगा.

२०२२ला पनामाच्या साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून याला परिशिष्ट १ मध्ये घेतलं, म्हणजे परदेशी व्यापार बंद, फार मोठं काम झालं ते. पण हे कासव फक्त आपल्या द्वीपकल्पातल्या नद्यांमधलं, गोदावरी, कृष्णा, भीमा वगैरे, जगात दुसरीकडं कुठंच नाही, म्हणून जपायचं आपल्यालाच. जाळ्यात सापडलं तर कापू नका, घरी टाकीत पण ठेवू नका, तिथंच लगेच पाण्यात सोडा आणि जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन करा.