‘गावात झाड नाही का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया येऊन आठ दिवस झाले. पहिल्या दिवशी राग आला, म्हणून उत्तर लिहिलं नाही. मग कपाशीची फवारणी होती. आज पाऊस आहे, वावरात पाय ठेवता येत नाही, तर सावकाश लिहितो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारीत तूर घरात आल्यावर मी आणि माझी बायको पांढरकवड्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं हैदराबादला गेलो. रामोजी फिल्म सिटीत एक अख्खा दिवस काढला, त्यातला बराचसा बागेत बसून. रात्री हयातनगरला मुक्काम केला आणि परत आलो. त्या दिवसावर मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत ते असं:

“यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी म्हणवता आणि अकरा हजार रुपये घालवून फायबरच्या गुहा पाहायला जाता. त्याही धड पाहत नाही, अर्धे शो सोडून झाडाखाली बसता. गावात झाड नाही का? तेवढ्या पैशात शेगाव झालं असतं. टिपेश्वर तुमच्या उशाशी आहे, जग तिथं वाघ पाहायला येतं. आणि वर लिहिता की प्रत्येक शेतकरी जोडप्यानं एकदा जावं. कोणाच्या जिवावर?”

झाडापासून सुरुवात करतो, कारण तोच प्रश्न माझ्या मनात राहिला.

गावात झाडं आहेत. आमच्या घरासमोर कडुनिंब आहे आणि त्याला पार बांधलेला आहे. त्या पारावर माझे वडील बसत, मी बसतो, माझा मुलगाही बसतो. माझ्या लग्नाला ३१ वर्षं झाली. या ३१ वर्षांत माझी बायको त्या पारावर बसलेली मला आठवत नाही. पोळ्याला, लग्नकार्याला ती तिथं दिवा ठेवायला गेली असेल, सडा टाकायला तर रोजच जाते. पण बसली नाही. घराच्या ओट्यावर ती दुपारी रिकाम्या हातानं पाच मिनिटं टेकली, तर जाणारी-येणारी विचारते, “काहून बसली वं? बरं नाई का?” यात कोणाचं वाईट मन नाही, काळजीनंच विचारतात. पण आमच्याकडे बाई नुसती बसलेली दिसली, म्हणजे ती आजारी असणार, असाच समज आहे.

वावरात बांधावर मोहाचं झाड आहे. तिथं जेवायची सुटी होते. त्या सुटीत ती मजुरांना पाणी देते, कोणाची भाकर कमी पडली तर आपल्यातली काढून देते, आणि सगळ्यात शेवटी जेवून सगळ्यात आधी उठते. तेव्हा झाड आहे, भाऊ. तिला त्याखाली बसू देणारी दुपार गावात नाही.

आता त्या दिवसाबद्दल. तुम्ही म्हणता अर्धे शो सोडले. खरं आहे. रामोजी फिल्म सिटी १९९६ साली उभी राहिली आणि जगातलं सगळ्यात मोठं स्टुडिओ संकुल म्हणून गिनीजमध्ये तिची नोंद आहे. एका दिवसात ती कोणाचीच पाहून होत नाही. सकाळी फाटकातून आत नेणाऱ्या बसमध्ये आमच्या मागं एक कुटुंब होतं. त्यांच्याजवळ वेळांचा कागद होता आणि किती वाजता कुठं पोचायचं यावर त्यांचं भांडण चाललं होतं. बायको त्यांच्याकडे बघत होती. मग मला हळूच म्हणाली, “आपल्याले घाई आहे का?” मी नाही म्हणालो. तिथंच तो दिवस ठरला.

आम्ही लाल बसमधून सेट पाहिले. पौराणिक मालिकेसाठी उभारलेला महाल पाहिला. तिनं एका खांबाला बोटानं टकटक करून बघितलं आणि आवाज पोकळ आला तशी माझ्याकडे पाहिलं. “खोटं हाये, माईत हाये मले. पन रंग कसा दिला पाहा.” घराच्या भिंती दर दिवाळीला ती स्वतः पोतारते, त्यामुळे रंगाच्या कामाला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते. तुम्ही ज्याला खोटेपणा म्हणता, त्यातली कारागिरी तिनं त्या एका वाक्यात पाहिली.

पुढं बस रेल्वे स्टेशनच्या सेटवरून गेली. फलाट होता, रूळ होते, डबा होता. तिचं माहेर दारव्ह्याजवळचं. यवतमाळ ते मूर्तिजापूर चालणारी आपली शकुंतला, ती अरुंद रुळांची, कापूस नेण्यासाठी इंग्रजी कंपनीनं टाकलेली गाडी, तिच्या लहानपणी घरासारखी होती. आता तिथं रूळ आहेत आणि गाडी नाही. बस पुढं निघून गेली तरी ती मान वळवून त्या फलाटाकडे बघत राहिली. “आपली गाडी अशीच उभी राहायची,” एवढंच म्हणाली. लग्नानंतर ३१ वर्षांत शकुंतलेची गोष्ट तिनं मला कधी सांगितली नव्हती. त्या दुपारी बागेत बसून सांगितली. वडिलांसोबत पहिल्यांदा बसली तेव्हा गाडी इतकी हळू होती की काही माणसं उतरून शेजारून चालत होती. तिची एक चप्पल खाली पडली, तर एका पोरानं उतरून ती आणून दिली. ही गोष्ट ऐकायला अकरा हजार रुपये लागले असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. मला ते जास्त वाटले नाहीत.

जेवायला गेलो तेव्हा सवयीनं ती रांगेत उभी राहू लागली. मी तिला टेबलावर बसवलं आणि दोन्ही ताटं मी आणली. ताट पुढ्यात ठेवलं तेव्हा ती ताटाकडे बघत थोडा वेळ तशीच थांबली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, “गरम हाये.” आमच्या घरी सगळ्यांना वाढून झाल्यावर तिचं जेवण होतं, हे मला माहीत होतं. तिचं जेवण रोज थंड असतं, हे मला त्या टेबलावर कळलं.

संध्याकाळी ती झुल्यात बसली. वणीच्या रंगनाथस्वामींच्या यात्रेत आम्ही दरवर्षी जायचो. तिथं मुलं पाळण्यात बसायची आणि ही खाली पिशव्या सांभाळत उभी असायची. या वेळी पिशवी मी धरली. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, “दिवसभरात मले कोनं हाक मारली नाई आज.” मी म्हटलं, वाईट वाटलं का? तर म्हणाली, “नाई हो. कान हलके झाले.”

पैशाचं. अकरा हजार ही आमच्यासाठी लहान रक्कम नाही. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता. त्या हिशेबानं हा दीड क्विंटल कापूस झाला. बहर चांगला असला तर माझी बायको दिवसाला २५-३० किलो वेचते. ओटी बांधून, वाकून, बोंडांची वाळलेली टोकं नखांच्या कडेला रुतत असताना. म्हणजे तिच्या पाच-सहा दिवसांच्या वेचणीचे ते पैसे. पेरताना सरकी तिनं टोबली, निंदण तिनं केलं, पहिल्या वेचणीआधीची सीतादहीची पूजा तिनंच केली. सातबारा माझ्या नावावर आहे म्हणून ‘तुम्ही घालवलेत’ असं तुम्ही मला लिहिलंत. त्या पैशावर तिचा हात माझ्याआधी पडला होता.

शेगावला आम्ही जातो. मुलं लहान असताना आनंद सागरात तळ्याकाठी बसलोही आहोत. महाराजांवर तिची श्रद्धा माझ्याहून मोठी आहे. पण शेगावला ती स्वतःसाठी जात नाही. शेजारणीचा नारळ, नणंदेचा नवस, मुलाच्या नोकरीचं मागणं, सगळं तिच्या पिशवीत असतं. तो दिवस उपासाचा, रांगेचा, पारायणाचा. त्याचं समाधान वेगळं आहे, आणि ते कमी आहे असं मी कुठंही लिहिलं नाही.

टिपेश्वरबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाघ दिसतो आणि आमच्याकडच्या बाईला संध्याकाळ दिसते. अवनी, म्हणजे टी-१ वाघीण, २ नोव्हेंबर २०१८ ला बोराटीच्या बाजूला मारली गेली. त्याआधीच्या दोन वर्षांत १३ माणसांचे बळी तिच्या नावावर लागले. तिला मारलं ते बरोबर की चूक यावर देशभर वाद झाला आणि त्यात मी आत्ता पडत नाही. मला त्या दोन वर्षांतली वेचणी आठवते. कपाशीची पऱ्हाटी छातीएवढी वाढलेली असते. ओळीत वाकलेल्या बाईला दोन ओळींपलीकडचं दिसत नाही. बायका एकटीदुकटी वावरात जात नव्हत्या, आठ-दहा जणींनी एकत्र जायचं, कोणीतरी बांधावर डबा वाजवत राहायचं, आणि उन्हं कलायच्या आत घर गाठायचं. माझी बायको त्या हंगामात झोपेत दचकून उठायची. तुम्ही तिला जिप्सीत बसवून वाघ दाखवा म्हणता. मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, “त्याचं त्याच्यापाशी राहू द्या.” तिला वाघाचा राग नाही. मजा म्हणून त्याच्यासमोर जावं असं तिला वाटत नाही, एवढंच.

आता तुमच्या पहिल्या वाक्याबद्दल, जे मला सगळ्यात जास्त लागलं. ‘यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी म्हणवता.’ आमच्या जिल्ह्यात काय झालं आणि काय होतंय हे मला वर्तमानपत्रातून कळत नाही. १९ मार्च १९८६ ला चिलगव्हाणच्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. त्या दिवसाच्या स्मरणात १९ मार्चला जे अन्नत्याग करतात, त्यांच्यात आम्ही दोघंही असतो. ती उपाशी राहते आणि तरी घरातल्या लहानांसाठी चूल पेटवते. त्या घरातही एक बाई होती, हे ती दरवर्षी म्हणते. मग अशा जिल्ह्यातल्या माणसानं वर्षभर तोंड पाडूनच राहावं, तरच त्याचं दुःख खरं मानायचं का? माझ्या ओळखीचे दोन शेतकरी गेले. दोघंही शेवटची काही वर्षं गावाबाहेर कुठंच गेले नव्हते, लग्नाला नाही, बाजाराला नाही. दिवसभर तेच वावर, तेच कर्ज, तोच ओटा. फिरायला गेले असते तर वाचले असते असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं पाप होईल. पण पैसा संपायच्या आधी त्यांच्या घरातून हसणं संपलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

परवा पोळा आहे. उद्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होईल. वर्षभर जू घेतलेल्या खांद्याला हळद-लोणी लावून पळसाच्या पानानं शेकायचं आणि कानात सांगायचं, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” पोळ्याला बैलाच्या मानेवर कोणी जू ठेवत नाही, आणि कोणी विचारतही नाही की हा आज रिकामा का उभा. ही रीत आपल्या बापजाद्यांनी घालून दिली. त्या दिवशी बैलांसाठी पुरणपोळी कोण करतं, हे तुम्हीही जाणता.

आता तुमचं बरोबर आहे ते.

‘प्रत्येक शेतकरी जोडप्यानं एकदा जावं’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. ते लेखातून काढलं आहे. आमच्या वावरात किलोवर वेचायला येणाऱ्या बाईचा एक दिवस बुडाला तर त्या दिवसाचं तेल-मीठ बुडतं. तिला सुटी म्हणजे आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी चुकारा, म्हणजे मजुरीचे पैसे, मिळतो, आणि त्या दिवशीही ती बाजार करून, धुणं धुऊन, दळण आणूनच झोपते. सात एकराच्या मालकानं तिला हैदराबादला जायचा सल्ला द्यावा हे शोभत नाही.

आणि ‘कोणाच्या जिवावर?’ हे तुम्ही रागानं विचारलंत, पण त्याचं खरं उत्तर मी लेखात लिहिलं नव्हतं. आम्ही दोघं बागेत बसलो होतो तेव्हा घरी माझी सून होती. दोन म्हशी, तीन वर्षांचं लेकरू, माझी म्हातारी आई आणि सगळा स्वयंपाक तिच्या एकटीवर होता. सासूची सुटी सुनेच्या दुप्पट कामातून निघाली. तुमची प्रतिक्रिया मी घरात वाचून दाखवली तेव्हा बायकोनं हीच गोष्ट आधी पकडली. “हे मात्र खरं लिवलं त्यायनं,” म्हणाली.

त्यामुळे महालक्ष्म्या उठल्या की, वेचणी सुरू व्हायच्या आत, मुलगा आणि सून जाणार आहेत. कुठं जायचं ते सून ठरवणार. तिनं अजून सांगितलं नाही, मोबाइलवर बघते आहे. लेकरू आजीजवळ राहील. म्हशी मी बघेन, आणि त्या तीन दिवसांचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. वरण, भात, पिठलं येतं मला. पोळी येत नाही. बायको आता रोज संध्याकाळी दोन पोळ्या माझ्याकडून लाटून घेते, आणि मी लाटत असताना ती बाजूला पाटावर बसलेली असते.